नाव सांग, गाव सांग

आमच्या पोहण्याच्या बाईंना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर मी मुद्दाम झाकून ठेवलं असं वाटेल, आणि झाकून ठेवणं हा बाईंचा स्वभाव नव्हता. त्यांनी ते आमच्यापासून लपवलं नव्हतं. आम्हीच कधी विचारलं नव्हतं. पोहायला शिकवणाऱ्या बाईला ‘तुम्हाला पोहता येतं ना?’ असं कोण विचारतं?

मी याद्या करणारी बाई आहे. वाणसामान, मुलीच्या परीक्षा, व्हिसाच्या तारखा, सगळं आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटवलेलं असतं. बाईंबद्दल लिहायला बसले तेव्हाही आधी याद्याच केल्या. पण एकीखाली लिहिलेली गोष्ट दुसरीतही जायला लागली, म्हणून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तसं लिहायचं ठरवलं.

दुबईत अल मनखूलमधली आमची इमारत जुनी आहे. गच्चीवर पूल आहे, तोही जुना. गच्चीच्या फरशीपासून कमरेएवढा उंच बांधलेला; चार पायऱ्या चढून जायचं आणि मग आत उतरायचं. एका टोकाला छातीपर्यंत पाणी, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून जाईल इतकं. बाई येण्याआधी आम्हा बायकांना त्या पूलचा उपयोग एवढाच होता, की त्याच्या कठड्यावर पापड चांगले वाळत.

बाई कृष्णाकाठच्या एका गावात मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेलेला, म्हणून मुलाकडे आल्या. मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत. बाई दिवसभर चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्या राहून रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघायच्या. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी मला थेट विचारलं, “वर एवढं पाणी साठवलंय, ते कुणासाठी?”

“पोहायला आहे ते.”

“मग कुणी पोहताना दिसत नाही!”

“बायकांना येत नाही हो पोहायला.”

“येत नाही म्हणू नकोस. शिकवलं नाही म्हण.”

मी त्याच आठवड्यात इमारतीच्या ऑफिसात जाऊन सकाळी सहा ते सात ही वेळ बायकांसाठी मागून घेतली. ऑफिसातला माणूस लगेच हो म्हणाला. त्या वेळी तिथे कोणीच येत नसे, त्यामुळे त्याचं काही जात नव्हतं.

पहिल्या दिवशी बाई आल्या त्या नऊवारीत नव्हत्या एवढंच. बाकी साडी, पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. हातात फरशी पुसायच्या वायपरचा लांब दांडा, रबर काढून टाकलेला. शिट्टी दोनच दिवस टिकली. पाचव्या मजल्यावरून तक्रार आली. तेव्हापासून बाई टाळ्या वाजवायच्या. दांडा मात्र कायम राहिला. कुणी घाबरली की बाई काठावरून तो पुढे करायच्या, आणि आम्ही तो धरायचो. बूटही कायम राहिले. पाण्याच्या इतक्या जवळ राहून जिचे पाय कधी ओले झाले नाहीत अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. तेव्हा कुणाच्याच आलं नाही.

पाण्यात उतरण्याआधी त्यांचा एक नियम होता. पायरीवर बसायचं, हात पाण्यात घालायचा आणि पाण्याला आपली ओळख सांगायची.

“नाव सांग, गाव सांग,” बाई म्हणायच्या. “अनोळखी माणूस अंगावर आलं तर तू धरशील का त्याला? मग ते तुला का धरेल?”

पहिलीनं सासरचं आडनाव सांगितलं. बाईंनी दांडा कठड्यावर आपटला.

“ते नको. जन्माचं सांग. माहेरचं. पाण्याला तुझं लग्न ठाऊक नाही.”

मग एकेक नाव बाहेर यायला लागलं. माझं निदान पहिलं नाव तरी तेच राहिलं होतं. दोघींची लग्नात पूर्ण बदललेली. शेजारच्या मेधाला तिच्या माहेरी सुमन म्हणायचे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. “सुमन. औदुंबर,” ती पाण्याला हळूच म्हणाली आणि तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. बर दुबईच्या मशिदींतली पहाटेची अजान होऊन गेलेली असायची, खाली रस्ता अजून शांत असायचा, आणि गच्चीवर पाच-सहा बायका ओळीनं बसून पाण्याला आपली जुनी नावं सांगत असायच्या.

दुसरा नियम डब्याचा. फोमच्या फळ्या बाईंना मान्य नव्हत्या. “ती फळी हातात धरायची. हात अडकले तर पोहणार कशानं?” त्यांच्या गावाकडे मुलं विहिरीत पाठीला डबा बांधून शिकत, म्हणून आम्हीही डबाच बांधायचा. तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट, आणि जुनी ओढणी. मी सगळ्यांना फोनवर कळवलं की कॅन आतून साबणानं धुवा, कारण पहिल्या दिवशी पाण्यावर शेंगदाण्याच्या तेलाचा तवंग आला होता. डबे घरूनच बांधून निघायचो, म्हणजे वेळ वाचे. एकदा लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली. शिट्टीची तक्रार करणारे तेच इजिप्शियन गृहस्थ, टाय बांधून ऑफिसला निघालेले. आत पाहिलं तर चार बायकांच्या पाठीवर चार डबे.

“सिस्टर,” ते मला अदबीनं म्हणाले, “यू आर सेलिंग ऑइल?”

“नो. स्विमिंग.”

“इन ऑइल?”

बाई मागून म्हणाल्या, “काय म्हणतोय तो?” मी सांगितलं. “त्याला म्हणावं, तुझ्या बायकोलाही पाठव.” मी ते भाषांतर केलं नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांची बायको खरोखर आली, डबा घेऊन. तिनं पाण्याला आपलं नाव अरबीत सांगितलं आणि गाव नाईलच्या काठचं सांगितलं. बाई खूश झाल्या. “नदीकाठची आहे. हिला वेळ लागायचा नाही.”

वेळ मेधाला लागला. मेधा बँकेत होती, आणि चूक होणं हा तिच्या दृष्टीनं गुन्हा होता. हात बरोबर, पाय बरोबर, श्वास बरोबर. फक्त तोंड पाण्यात घालायचं म्हटलं की सगळं थांबे. बाकीच्या डबा सोडून या काठापासून त्या काठापर्यंत जायला लागल्या, तरी मेधा उथळ बाजूला मान ताठ ठेवून उभी.

“अगं, नाक आहे की दागिना?” बाई ओरडायच्या. “बुडव!”

“बाई, उद्या.”

“तुझ्या बँकेत लोकांना असंच उद्या या म्हणतेस का?”

“हो,” मेधा म्हणाली, आणि बाईसुद्धा हसल्या.

आता तुरटीचं सांगायला हवं. नळाच्या पाण्यावर बाईंचा विश्वास नव्हता. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीत तुरटीचा मोठा खडा असे. दाढी करताना मुलाला कापलं तर तुरटी, कुणाची हिरडी दुखली तर तुरटी, आणि पिण्याच्या पाण्यात तर दोन वेढे फिरवायचेच, मग ते पाणी बाटलीतलं सीलबंद का असेना. सून काही म्हणायची नाही. ती गुपचूप दुसरी बाटली उघडायची.

त्या वर्षी ईदच्या आधी धुळीचं वादळ झालं. दोन दिवस समोरच्या इमारती दिसत नव्हत्या. वादळ गेलं तेव्हा पूलचं पाणी दुधी चहासारखं झालं होतं. बाईंनी कुणाला न विचारता तुरटीचे मोठाले खडे आपल्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधले आणि गाठोडं दोरीनं खोल बाजूच्या शिडीला सोडून ठेवलं. गढूळ पाण्याला त्या आयुष्यभर हेच करत आल्या होत्या. फक्त हंडा जरा मोठा होता. आम्हाला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पंप पाणी ओढत नाही.

आमच्या इमारतीचे वॉचमन इस्माईलभाई. इथे वॉचमनला नातूर म्हणतात, पण ते रत्नागिरीचे, त्यामुळे आमच्याशी मराठीत बोलत. त्यांनी मला पंपाच्या खोलीत नेऊन दाखवलं. पंपाच्या तोंडाला काचेचं झाकण असतं. त्याच्याखाली पाणी भरलेलं दिसायला हवं. तिथे नुसते बुडबुडे उसळत होते, आणि शहाळं संपल्यावरही स्ट्रॉ ओढत राहिलं की येतो तसा आवाज.

“हवा खातोय,” इस्माईलभाई म्हणाले. “पूलला पाणी ओढायची दोन तोंडं. वरच्या तोंडाची चावी कधीची गंजून बसलीये. खालच्या एकाच तोंडानं ओढतो हा. तिथून काय येतच नाय.”

ओढच नाही म्हटल्यावर गाळ खेचायचा लांब पाइप आणि त्याचा ब्रशही निकामी. ब्रश तळाला चिकटायचा तो तरंगायला लागला. पूलची देखभाल करणाऱ्यांचा माणूस आला, बुडबुड्यांकडे बघितलं, “मोटर गेली” म्हणाला, आणि ईदनंतर येतो, इन्शाल्ला, असं सांगून गेला. ऑफिसातल्या माणसानं लिफ्टमध्ये कागद लावला: पूल पुढील सूचनेपर्यंत बंद. मी खाली जाऊन विचारलं, पुढील सूचना कधी?

“मॅडम, पानी गंदा है, मच्छर होगा. ईद के बाद कव्हर डाल के रखेंगे. खलास.”

शेजारच्या इमारतीच्या पूलवर असंच कव्हर पडलं होतं. आज तिथे मोडक्या खुर्च्या आणि पाण्याच्या टाक्या आहेत.

आणि बाईंचं तिकीट निघालं होतं. मुलाला कॅनडात नोकरी मिळाली होती. बाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं, “तिथं पाण्याचा दगड होतो म्हणे. मी नाही यायची.” ईद संपल्यावर चार दिवसांनी त्या गावी परत जाणार होत्या. म्हणजे पूल ईदनंतर दुरुस्त झाला असता तरी त्यांच्यासाठी नाहीच. आणि कव्हर पडलं तर आमच्यासाठीही नाही. कागदाजवळ उभ्या राहून बाईंनी तो दोनदा वाचून घेतला, मग माझ्याकडे वळल्या.

“विहिरीचा गाळ काढायला कधी मोटर लागली होती? उद्या सकाळी सगळ्यांना बोलाव. झाडू, बादल्या, आणि तो लांब पाइप.”

मी ऑफिसात जाऊन परवानगी घेतली. सुट्टीत फुकट साफसफाई होत असेल तर त्याचा नकार नव्हता. कामं वाटून दिली. ईदच्या पहिल्या दिवशी, नमाजानंतर रस्त्यावर नव्या कपड्यांतली मुलं फिरत असताना, आम्ही गच्चीवर पदर आणि ओढण्या खोचून उभ्या होतो.

बाईंची पद्धत सोपी होती. पूल गच्चीपेक्षा उंच, आणि गच्चीच्या कोपऱ्यात मोरी. पाइप आख्खाच्या आख्खा पाण्यात बुडवून भरून घ्यायचा, एक तोंड तळाशी ठेवायचं, दुसऱ्यावर तळहात घट्ट दाबून ते बाहेर काढायचं आणि मोरीपाशी नेऊन हात सोडायचा.

“पाणी आपण होऊन उतरतं,” बाई म्हणाल्या. “त्याला फक्त वाट दाखवायची.”

पहिल्यांदा मध्येच हवा शिरली. दुसऱ्यांदा इजिप्शियन बाईंचा हात सुटला आणि सगळं पाणी इस्माईलभाईंच्या ईदच्या नव्या कुर्त्यावर. “मुबारक!” बाई त्यांना म्हणाल्या. तिसऱ्यांदा पाइप थरथरला आणि मोरीत पांढरट तपकिरी गाळ पडायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुरटीनं धूळ तळाशी बसवली होतीच; पंप नसताना तो गाळ असाच ओढून निघत होता. एकीकडे नळाचं पाणी आत सोडलेलं, एकीकडे गाळ बाहेर. उथळ बाजूला आम्ही पाण्यात उभ्या राहून ब्रश ढकलत होतो, खोल बाजूला काठावरून लांब दांड्यानं. नवरे मंडळी चहा घेऊन वर आली आणि सल्ले देऊन खाली गेली.

पाणी स्वच्छ झालं की नाही हे ठरवायची बाईंची रीत होती. एक दिरहमचं नाणं खोल बाजूला टाकायचं. त्यावर कॉफीची किटली कोरलेली असते. काठावरून किटली ओळखू आली की पाणी पास. त्या दिवशी टाकलेलं नाणं दुधात साखर जावी तसं गेलं. दुसऱ्या दिवशी कशीबशी चकाकी दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मेधा काठावर ओणवी झाली आणि ओरडली, “किटली दिसतेय!” मग म्हणाली, “आणि तिच्या शेजारी हे काय आहे?”

तळाच्या जाळीवर काहीतरी काळपट पसरलं होतं. पंपाच्या घशावर कुणी हात ठेवावा तसं.

इस्माईलभाईंनी आकड्याची काठी घालून बघितलं. काठी घसरायची. ते जे काय होतं ते जाळीच्या फटींत ओढलं जाऊन घट्ट बसलं होतं. कुणीतरी खाली जायला हवं होतं.

“इस्माईलभाई, तुम्ही समुद्राकाठचे. उतरा,” मी म्हटलं.

“ताई, समुद्राकाठी जन्मलो म्हणून काय बांगडा झालो? आमचं सगळं खानदान बोटीवर. पाण्यात पडायचं नाय, हेच तर शिकलो.”

मी पंपाचा मुख्य स्विच बंद केला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आमच्यापैकी काठ गाठणाऱ्या होत्या, पण खाली बुडी मारायला आम्ही कधी शिकलोच नव्हतो. त्यामुळे सगळ्यांच्या माना आपोआप एकाच बाजूला वळल्या.

“बाई, तुम्हीच जा आता,” मी म्हटलं.

“मला पोहता येत नाही,” बाई म्हणाल्या.

‘मला चहात साखर नको’ म्हणावं तशा सुरात. मेधा हसली.

“हसतेस काय? खरं सांगतेय. पाण्यात उतरले नाही मी कधी.”

 इस्माईलभाई आकाशाकडे बघायला लागले. माझ्या डोक्यात ते पांढरे बूट आले, दांडा आला, आत्तापर्यंतच्या सगळ्या सकाळी आठवल्या. बाई उभ्याच होत्या, दांडा दोन्ही हातांनी धरून, पण त्यांची बोटं पांढरी पडली होती. आमच्याकडे बघत नव्हत्या. पाण्याकडे बघत होत्या. वाटलं, आता आपल्यापैकी कुणी चुकीचं काही बोललं तर ह्या आत्ताच खाली घरी निघून जातील, आणि गावी जाईपर्यंत वर येणार नाहीत.

मेधा उठली. पायरीवर बसली. हात पाण्यात घातला. “सुमन. औदुंबर,” म्हणाली आणि उतरली.

“तू?” मी म्हटलं.

“बाईंना येत नसताना त्यांनी मला इथवर आणलं,” ती म्हणाली. “मला तर थोडं येतंसुद्धा.”

ती काठ धरत धरत खोल बाजूला गेली. बाईंचा आवाज परत आला. “श्वास भर. तोंड खाली, पाय वर! पाय वर गेले की आपोआप जाशील. डोळे उघडे ठेव!” पोहता न येणाऱ्या बाईंची प्रत्येक सूचना बरोबर होती. मेधा पहिल्या खेपेला अर्ध्यातूनच खोकत वर आली. बाईंनी दांडा पुढे केला. मेधानं तो बाजूला सारला आणि पुन्हा गेली. ह्या खेपेला तिचे पाय वर हवेत आले, मग तेही दिसेनासे झाले. खालून पाणी ढवळलं. मी किल्ली मुठीत आवळली होती.

वर आली तेव्हा तिच्या एका हातात नाणं होतं आणि दुसऱ्या हातात हिरव्या चौकडीचं कापड. एका कोपऱ्याला गाठ, गाठीला दोरीचा तुकडा.

ते कापड आम्हा सगळ्यांना ओळखू आलं. त्याच पातळाचे तुकडे फाडून बाईंनी आम्हाला केस पुसायला दिले होते.

“माझंच,” बाई म्हणाल्या. मग तुरटीचं सगळं सांगितलं. तुरटी विरघळली, गाठोडं रिकामं झालं, दोरी सुटली आणि पंपानं कापड ओढून घेतलं. “म्हणजे पूल मीच बंद पाडला. आणि तीन दिवस तुम्हाला राबवलं.” त्या एकदम कठड्यावर बसल्या. मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. बघितलं तर हसत होत्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग आम्हालाही आवरेना.

मी जाऊन पंप लावला. तो खोकला, दोनदा अडखळला, काचेखाली बुडबुडे नाचले, आणि मग पाणी चढत चढत काच भरून गेली. इस्माईलभाई “अल्हम्दुलिल्ला” म्हणाले, बाई “मोरया” म्हणाल्या. पंपाला दोन्ही चाललं.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “आई, दॅट्स लाइक, टोटली इल्लीगल.” असेल. माझा त्यावर विचार करून झाला आहे. दांड्याशिवाय त्यांनी कुणाला कधी खोल बाजूला जाऊ दिलं नाही, हेही खरं आहे.

त्या दिवशी चहा पिताना बाईंनी आपणहून सांगितलं. माहेरी मळ्यात विहीर होती. तीन भाऊ. भाऊ पोहायला जायचे, आणि ही त्यांचे कपडे सांभाळायला काठावर. “मुलींनी उतरायचं नाही, असं कुणी म्हटलं नाही हं मला. कपड्यांना मुंग्या लागतील, तू बस, एवढंच म्हणायचे. रोज बघत होते. कोण हात कसा मारतो, कुणाचं कुठं चुकतं. सगळं पाठ झालं.” पुढे शाळेत हेडबाई म्हणाल्या की पीटीच्या बाईंनी मुलींना पोहणं शिकवावं. बाई काठावर उभ्या राहिल्या. मुली शिकल्या. “कुणी विचारलं नाही. आणि मलाही मग वाटायला लागलं, की मला येतंच.”

“मग आता उतरा,” मेधा म्हणाली.

“काहीतरीच. ह्या वयात? चार दिवसांवर विमान आलंय.”

“बाई, पाण्याला तुमचं लग्न ठाऊक नाही. वय कुठून ठाऊक असणार?”

बाई कप विसळायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढचे दोन दिवसही नाहीत. लिफ्टमधला कागद निघाला, पाणी आरशासारखं झालं, आणि काठावर बाई नाहीत. मेधा रोज एक जादा डबा घेऊन यायची आणि तसाच परत न्यायची. सुनेनं सांगितलं, सामान बांधतायत. मी म्हटलं, त्यांना काही म्हणू नका, फक्त सहाला आम्ही वर असतो एवढं सांगा. ते त्यांना माहीत होतंच, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

विमानाच्या दिवशी सकाळी त्या आल्या. मुलाचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, सुनेची ट्रॅक पँट, पायात तेच बूट. कुणाशी न बोलता बाकावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढून आत नीट घातले. त्यांचे पाय मी पहिल्यांदा पाहत होते. लहान होते, मुलीसारखे.

आम्ही डबा बांधला. एकावर भागणार नाही असं मला वाटलं, म्हणून दुसराही बांधला. मी ओढणीची गाठ दोनदा तपासली. बाईंनी दांडा मेधाच्या हातात दिला. पायरीवर बसल्या, हात पाण्यात घातला आणि थांबल्या.

मेधानं घसा साफ केला. “बाई, नाव सांगा, गाव सांगा.”

“असं नाही,” बाई पाण्याकडेच बघत म्हणाल्या. “मी म्हणते तसं म्हण.”

मेधानं माझ्याकडे पाहिलं. मग दांडा कठड्यावर आपटला, बाई आपटायच्या तसा.

“नाव सांग, गाव सांग.”

बाईंनी सांगितलं. दारावरच्या पाटीवर होतं ते नाव नव्हतं ते, शाळेनं निरोप देताना ताटावर कोरून दिलं तेही नव्हतं. दोनच अक्षरी, विहिरीच्या काठावरून कुणीतरी हाक मारावी असं. मग गाव. आणि मग त्यांनी पाय सोडले.

“अगं आई!” एवढंच त्या ओरडल्या. डबे वर आले, त्या वर आल्या, दांड्याला धरलेल्या. हात आपोआप फिरायला लागले, आणि अगदी बरोबर फिरत होते. चुकायला त्यांना जागाच नव्हती. सगळं पाठ होतं. उथळ बाजूला ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला त्यांना खूप वेळ लागला. मध्ये कुठेतरी त्यांनी दांडा सोडला. कधी, ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही, कारण आम्ही सगळ्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

पूल अजून चालू आहे. नव्या बायका येतात, डबे घेऊन येतात, पाण्याला नाव-गाव सांगतात. ही रीत कुणाची, विचारलं तर मी बाईंची गोष्ट सांगते. पण ते नाव सांगत नाही, इथेही लिहीत नाही. त्यांनी ते पाण्याला सांगितलं होतं. आम्ही फक्त जवळ होतो.

सकाळी मात्र माझं नाव सांगून झालं की मी त्यांचंही सांगते. पाणी रोज बदलतं, नवं पाणी त्यांना ओळखत नाही.